सेंद्रिय कर्ब : उमलत आहे

सुदर्शननं मोबाइलवरचे अंगठे दुसऱ्यांदा मोजले. सेहेचाळीस. पहिल्यांदाही सेहेचाळीसच आले होते. पण तो लातूरच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत कामाला होता आणि एकदाच आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती.

"मंजुषा," तो म्हणाला, "येळवशीला आपल्याकडं एकशे चौऱ्याऐंशी माणसं येणार हायत."

मंजुषा पोळ्या लाटत होती. "आपल्याकडं म्हणजे? या दोन खोल्यात?"

"शेतावर."

"कुणाच्या?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते चटकन देण्यासारखं नव्हतं. सुदर्शननं मोबाइल तिच्यापुढं धरला. मुलीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर वर्गशिक्षिका सिंधु मॅडमचा संदेश होता : 'सुकन्याने सर्वांना वेळ अमावास्येला तिच्या शेतावर जेवायला बोलावले आहे. ठिकाण : शिरूर अनंतपाळजवळ. तिच्या प्रेमळ आमंत्रणाबद्दल आभार.' खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

"सेहेचाळीस घरं," सुदर्शन म्हणाला. "घरटी सरासरी चार माणसं. आजी-आजोबा धरलेच न्हाईत."

"आजी-आजोबा तर आधी येतेत," मंजुषा म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

शेत होतं. सात-बाऱ्यावर सुदर्शन आणि त्याचा थोरला भाऊ श्रीमंत अशी दोघांची नावं होती. कसत होता श्रीमंत. फक्त तीन वर्षांपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारणही येळवस, म्हणजे ही वेळ अमावास्याच होती.

त्या दिवशी अख्खा जिल्हा रानात जेवतो. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी, करायची, तिच्यात पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गार आंबिल यांवर ताव मारायचा. तीन वर्षांपूर्वी अशाच भरल्या पंगतीत सुदर्शननं खिशातून एक कागद काढला. दादाच्या रानातली माती त्यानं हौसेनं नेऊन तपासली होती. दादाला आनंद होईल या कल्पनेनं त्यानं अहवाल सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. नत्र कमी. स्फुरद कमी. जस्त कमी. सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक अठरा शतांश टक्के, अत्यंत कमी. पालाश तेवढा अत्यंत जास्त होता. पण तिथवर येईतो श्रीमंत ताटावरून उठला होता.

"तीस वर्षं मी ह्या रानात खपून राहिलो," तो एवढंच म्हणाला होता, "अन् तू मला नापास करायला आलास."

तेव्हापासून दर येळवशीला सुदर्शनचं कुटुंब लातुरातच असे. त्या दिवशी गल्लीत चिटपाखरू नसतं, दुकानं बंद, रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे. मंजुषा साधं वरण लावायची आणि दार लोटून घ्यायची.

सुकन्या शाळेतून आल्यावर सुदर्शननं तिला समोर बसवलं. सातवीतली पोर. बूट काढून, दप्तर जागेवर ठेवून ती शांतपणे बसली.

"तू सगळ्यांना रानात बोलावलंस?"

"हो. गुरुवारी माझी पाळी होती बोलायची."

दर गुरुवारी त्या शाळेत एका मुलानं वर्गासमोर तीन मिनिटं बोलायचं असे. ही शाळा शहराबाहेरची, इंटरनॅशनल. सुकन्याला तिथं घातलं त्याला एकच कारण होतं : आधीच्या शाळेत ती वर्षभर कुणाशी बोललीच नव्हती. नव्या शाळेतल्या पहिल्या गुरुवारीही ती तीन मिनिटं नुसती उभी राहिली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि सिंधु मॅडमनी वहीत लिहिलं, 'आज सुकन्या पूर्ण तीन मिनिटे उभी राहिली.' ते वाचून सुदर्शन शाळेत गेला होता आणि कितीपैकी किती, असं विचारून आला होता. शाळा मार्क देत नसे. प्रगतिपुस्तकात चारच शेरे असत : उमलत आहे, मदतीने जमते, स्वतःहून जमते, इतरांना मदत करते. सुकन्याच्या 'बोलणे' या रकान्यात सलग चार सत्रं 'उमलत आहे' होतं. सुदर्शनच्या मते याला 'अत्यंत कमी' म्हणतात.

"मी येळवशीवर बोलले," सुकन्या सांगत होती. "साडेसहा मिनिटं. मॅडमनी थांबवलंच नाही. आंबिलाचं सांगितलं, कोपीचं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, त्या केरळच्या आहेत, त्यांनी हे कधीच पाहिलं नाही. मग मी म्हणाले, या ना."

येळवशीच्या जेवणाचं वर्णन करून शेवटी 'या' म्हणायचं नाही, हे सुदर्शनलाही जमलं नसतं.

"आपण आजारी हाव म्हणून कळवू," तो अखेर म्हणाला. "ताप आला म्हणू."

"कुणाला?"

"मला येऊ दे."

"बाबा, मी साडेसहा मिनिटं जे बोलले ते सगळं खोटं होईल मग." तिचा आवाज थोडा बारीक झाला. "परत माझी पाळी आली तर मी काय बोलू?"

मंजुषानं स्वयंपाकघरातून पाहिलं. सुदर्शननंही पाहिलं. ती नुसती उभी राहिलेली तीन मिनिटं दोघांना एकदम आठवली.

"बाबा," सुकन्यानं विचारलं, "तुम्हाला आत्ता नेमकं काय वाटतंय?"

"काय वाटणार? कायबी न्हाई वाटत."

"शाळेत म्हणतात, काहीच वाटत नसेल तेव्हा बहुतेक भीती वाटत असते."

"दादाला मी कशाला भिऊ?"

"मी काकांचं नावच घेतलं नव्हतं," सुकन्या म्हणाली.

रविवारी तिघं गावी गेले.

श्रीमंत रानातल्या आखाड्यावर, गोठ्याच्या छपराखाली, कडब्याच्या पेंढ्यांवर बसला होता. शेजारी केवळाआत्या, म्हणजे दोघा भावांची ऐंशीला टेकलेली आत्या, तुरीच्या शेंगा सोलत होती. सुदर्शन येताना दिसला तशी श्रीमंतनं मान हरभऱ्याकडं वळवली. मंजुषा पाया पडली, सुकन्या पाया पडली. सुदर्शन वाकायच्या बेतात येऊन तसाच अर्धवट उभा राहिला.

"आत्या," श्रीमंत म्हणाला, "इचार त्याला, काय काम काढलं."

"तुज्या समोर तर हाय की," आत्या म्हणाली. "मी काय टपाल हाय का?"

"आत्या, दादाला सांग," सुदर्शन म्हणाला, "पोरीनं शाळेतली माणसं बोलावलीत येळवशीला. शब्द गेला तिचा."

"आत्या, इचार, किती माणसं."

"एकशे चौऱ्याऐंशी," सुदर्शननं थेट उत्तर दिलं आणि मग आठवून पुढं जोडलं, "असं सांग, आत्या."

श्रीमंतनं पहिल्यांदा मान इकडं वळवली. डोळे बारीक करून तो क्षणभर आभाळाकडं बघत राहिला, जणू काही हिशेब करतोय.

"शाळा कुठं म्हणलीस?" त्यानं सुकन्याला विचारलं.

"लातूरला, काका."

"पोरं सगळी लातूर भागातलीच?"

"बरीचशी."

"आसं." त्यानं एक काडी दातात धरली. "पण आमचं रान तर नापास हाय. नत्र कमी, स्फुरद कमी, जस्त कमी. कर्ब शून्य पूर्णांक अठरा. अशा रानात शहरातली लोकं कशी बसवावी?"

तीन वर्षांनंतरही आकडा अचूक होता. सुदर्शनला शास्त्रीय दृष्टीनं याचं कौतुक वाटलं, पण तोंडातून वेगळंच निघालं. "मी नापास म्हणलं नव्हतं. जे हाय ते वाचलं होतं. मातीचं निदान..."

मंजुषानं त्याच्या पायावर पाय दिला.

सुकन्यानं तोवर दप्तरातून स्वतःचं प्रगतिपुस्तक काढलं होतं. ती ते कुठंही सोबत नेत असे. "काका, हे बघा. माझं बोलणं. पहिल्या सत्रात काय लिहिलंय? उमलत आहे. दुसऱ्यात उमलत आहे. तिसऱ्यात तेच, चौथ्यातही तेच. आता पाचव्यात हे."

"मदतीने जमते," श्रीमंतनं अक्षरं लावत वाचलं.

"मला चार वेळा 'अत्यंत कमी' लिहिलं असतं ना, तर मी पाचव्यांदा उभीच राहिले नसते." तिनं दप्तरातून वही काढून मागचं पान उघडलं. "बाबा, आकडे सांगा."

"कसले?"

"काकांच्या मातीचे."

सुदर्शननं सांगितले. त्यालाही पाठ होते. सुकन्यानं रेघा मारून चार शेऱ्यांचे चार रकाने आखले, प्रत्येक आकड्यावर थोडा विचार केला आणि लिहून झाल्यावर उभी राहून वाचलं, गुरुवारच्यासारखं, हात मागं बांधून.

"नत्र : मदतीने जमते. स्फुरद : मदतीने जमते. जस्त : उमलत आहे. पालाश : इतरांना मदत करतो."

"पालाश चांगला हाय का आपला?" श्रीमंतनं मधेच विचारलं.

"अत्यंत जास्त हाय, दादा," सुदर्शन म्हणाला. "तू उठून गेलास त्या दिवशी. मी तिथवर आलोच नव्हतो."

"अन् ते दुसरं काय? कर्ब?"

"सेंद्रिय कर्ब : उमलत आहे," सुकन्यानं वाचलं.

श्रीमंतनं दातातली काडी काढली. "हे बराबर लिवलं," तो म्हणाला. "हे सरकारी कागदात कामून लिवत न्हाईत?"

"तसा रकानाच नसतो," सुदर्शन म्हणाला.

"आत्या," श्रीमंत म्हणाला, "सांग त्याला. एकशे चौऱ्याऐंशी माणसं म्हणजे चेष्टा न्हाई. लई मोठी कोपी लागंल. चार दिवस आधी रजा टाकून ये म्हणावं. अन् हपिसाची कापडं घालून येऊ नको म्हणावं."

"ऐकलं त्यानं," आत्या म्हणाली.

पुढचे चार दिवस सुदर्शनच्या आयुष्यात फार मोठे गेले. नदीकडच्या पट्टीत कडब्याच्या पेंढ्या पडल्या होत्या. त्या आखाड्यावर आणायच्या होत्या. दोन फेऱ्यांनंतर सुदर्शननं एका फेरीतल्या पेंढ्या, लागणारा वेळ आणि उरलेल्या पेंढ्या यांचं गणित मांडलं आणि त्याला बसावंसं वाटलं.

"दादा, कोपीला एवढा कडबा लागतो?"

"एकशे चौऱ्याऐंशीला लागतो," श्रीमंत म्हणाला. तो आता थेट बोलत होता, कारण आत्या म्हणाली होती की तिचा घसा बसलाय.

दुसऱ्या दिवशी देवळातून हरिनाम सप्त्याच्या दोन कढया आणल्या. एकेक कढई एवढी, की तिच्यात सुदर्शन मांडी घालून बसला असता. तो आणि मंजुषा त्या बैलगाडीत चढवताना गावातली माणसं ओट्यावरून विचारत, "काय सुदर्शन, सप्ता हाय काय?" आणि सुदर्शन दर वेळी थांबून खरा आकडा सांगे. माणसं एकमेकांकडं बघत, हसत आणि "चांगलंय, चांगलंय" म्हणत. त्याला वाटलं, गावाला आपलं कौतुक वाटतंय.

तिसऱ्या दिवशी बांधावरचे दगड हलवले, बसायची जागा सारवली, विहिरीवरून पाणी आणलं. चौथ्या दिवशी कोपी उभी राहिली. ती कोपी नव्हती, मंगल कार्यालय होतं. तिच्यात चुना लावलेले पाच पांडव एका कोपऱ्यात, परक्या लग्नाला आल्यासारखे बसले. सुदर्शनच्या दोन्ही तळव्यांना मिळून सहा फोड आले होते. संध्याकाळी श्रीमंतच्या बायकोनं, रुक्मिणबाईनं, त्यांवर हळद लावली आणि म्हणाली, "भावजी, आता हात जरा शेतकऱ्याचे दिसायले."

येळवशीला अकरा वाजता सुदर्शन कोपीच्या दारात स्वच्छ सदरा घालून उभा राहिला. साडेअकराला तो बांधापर्यंत जाऊन आला. बारा वाजता रस्त्यापर्यंत. रस्त्यावरून गाड्या भरभरून जात होत्या, टपावर जेवणाची डालगी, मांडीवर लेकरं. पण एकही गाडी इकडं वळत नव्हती.

सुकन्या कोपीत पांडवांपुढं बसून वहीच्या पानाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

"येतील," सुदर्शन तिला म्हणाला. "एवढ्या लोकांना वेळ लागतोच."

सव्वाबाराला मोबाइल वाजला. पालक-ग्रुपवर एक फोटो आला. कुणाची तरी कोपी, पुढं ताटं, मागं ज्वारी. खाली लिहिलेलं : 'आमच्या शेतावरून सर्वांना शुभेच्छा.' मग दुसरा फोटो. औशाकडचं रान. तिसरा निलंग्याकडचा. चौथा, पाचवा. प्रत्येक फोटोत त्या अंगठ्यांपैकी एकेक घर आपापल्या रानात, आपापल्या कोपीपुढं, तोंडात उंडा घेऊन हसत होतं.

सुदर्शन मोबाइलकडं बघत उभा राहिला. गेल्या दोन्ही येळवशींना तो लातूरच्या रिकाम्या गल्लीत बसला होता. ती गल्ली रिकामी कशामुळं असते हे त्याला माहीत होतं. गल्लीतली सगळी माणसं त्या दिवशी कुठं असतात, हे त्यानं गणितात धरलंच नव्हतं.

"सुकन्या," तो हळू आवाजात म्हणाला, "ते अंगठे..."

"अंगठा म्हणजे वाचलं, बाबा," सुकन्या म्हणाली. "येतो म्हणजे नाही. मला वाटलं तुम्हाला माहितंय." तिची नजर वहीवरच होती.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. शाळेची पिवळी बस बांधाशी थांबली. आधी सिंधु मॅडम उतरल्या, साडीचा काठ सावरत, मग दोन परप्रांतातले शिक्षक, मग वसतिगृहातली, घरं लांब असलेली मुलं, आणि शेवटी ड्रायव्हर. सुदर्शननं मोजले. चौदा. दुसऱ्यांदाही चौदाच.

"उशीर झाला, माफ करा," सिंधु मॅडम म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांना शेत नाही ना, म्हणून आम्हीच आलो. सुकन्या, दाखव बरं, पांडव कुठं आहेत?"

सुकन्या उठली. सगळ्यांसमोर उभी राहिली. पहिले काही सेकंद नुसतीच उभी राहिली.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी वर्गात आमचं शेत म्हणाले होते. पण आम्ही तीन वर्षं इथं आलोच नव्हतो. हे काकांचं..."

"आपलंच हाय," श्रीमंत मागून म्हणाला. "फुडं सांग. आंबिल गरम व्हायला लागलं."

मग ती बोलली. किती मिनिटं, ते कुणी मोजलं नाही. मुलं उंडे बघून हसली, खाऊन गप्प झाली. एका शिक्षकानं आंबिलाचे पाच पेले घेतले आणि सावलीत आडवा झाला. सिंधु मॅडमनी भज्जीत काय काय पडतं ते लिहून घ्यायचा प्रयत्न केला आणि सतराव्या जिनसेला सोडून दिला.

सुदर्शनची एक काळजी उतरली होती. पण आता दुसरी काळजी चढली. एकशे चौऱ्याऐंशीतून चौदा आणि घरची माणसं वजा करून उरलेल्या भज्जीचं काय करायचं, या विचारानं तो झाकलेल्या कढयांकडं गेला. पहिलीच्या तळाशी घरात पुरेल एवढी भज्जी होती. दुसरीचं झाकण उचललं तर आत झाडू होता.

"वहिनी, ह्यात कायच न्हाई?"

"तीसेक माणसांचंच केलं," रुक्मिणबाई म्हणाली. "ह्यांनी तेवढंच सांगितलं होतं."

सुदर्शन वळला. श्रीमंत कोपीला टेकून शांतपणे शेंगा खात होता.

"दादा, तुला माहीत होतं?"

"काय?"

"कुणी येणार न्हाई म्हणून."

"आता येळवशीला आपलं रान सोडून कोण दुसऱ्याच्या रानात जातंय?" श्रीमंत म्हणाला. "गावातल्या शेंबड्या पोरालाबी कळतं. ज्यांना रान न्हाई तेवढी येतील म्हणलं. आली."

"मग एवढा कडबा? एवढी कोपी?"

"नदीकडून कडबा आणायचाच होता. गडी मिळंना झालते." त्यानं टरफल फेकलं. "अन् पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तू चार दिवस आला असतास का?"

सुदर्शननं तळव्यांकडं पाहिलं. उत्तर त्यालाही माहीत होतं.

बस गेल्यावर, उन्हं उतरताना, सुदर्शन, मंजुषा आणि सुकन्याही निघाले. श्रीमंत आखाड्यातल्या फळीवरून एक कापडी पिशवी घेऊन आला आणि सुदर्शनच्या हातात दिली. आत अर्धा किलोभर माती होती, खडे काढून बारीक केलेली. सोबत चिठ्ठी : नाव, गट नंबर, आठ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे, वीतभर खोल, सावलीत वाळवलेली. त्या जुन्या अहवालाच्या पाठीमागं छापलेल्या सूचनांतली एकही सूचना सुटली नव्हती. तारीख मे महिन्यातली होती.

"दोन वर्षं शेणखत घालून राहिलो," श्रीमंत दुसरीकडं बघत म्हणाला. "बघ काय म्हणतंय ते. पण कागद ह्या पोरीनं वाचायचा. तू न्हाई."

सुदर्शननं पिशवी उघडून पाहिली. नमुना सात महिन्यांचा जुना होता. एवढा जुना नमुना नियमात बसत नाही, नवा घ्यावा लागतो, हे सांगण्यासाठी त्यानं तोंड उघडलं. सुकन्या त्याच्याकडं बघत होती.

त्यानं तोंड मिटलं. पिशवीची गाठ मारली आणि म्हणाला, "चांगला घेतलाय नमुना, दादा."

आणि त्या रविवारी अर्धवट राहिलेलं वाकणं त्यानं पुरं केलं. श्रीमंतनं पाठीवर एक थाप मारली. ती फोडांपेक्षा जास्त दुखली.

परतीच्या गाडीत सुकन्यानं वही काढली. सुट्टीनंतर शाळेला दाखवायचं पान होतं ते : या कामातून कोण काय शिकलं. तिनं स्वतःचं नाव लिहून पुढं 'स्वतःहून जमते' असं लिहिलं, जरा थांबली, आणि ते खोडून 'मदतीने जमते' केलं. मग खालच्या ओळीत लिहायला लागली.

"काय लिहितेस?" पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या सुदर्शननं विचारलं.

तिनं वही त्याच्याकडं वळवली. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं : 'बाबा : उमलत आहेत.'

"कितीपैकी?" सुदर्शननं सवयीनं विचारलं.